दोनशे पिशव्यांचं पायपुसणं

डोंबिवलीत एका नातेवाइकांच्या दारात चपला काढताना पायपुसण्यावर निळं ‘न्ड’ दिसलं. वाकून पाहिलं, तर ‘टोन्ड’मधलं शेपूट. अख्खं पायपुसणं दुधाच्या पिशव्यांचं होतं, क्रोशाने विणलेलं. “शेजारच्या काकूंनी दिलं. दोनशे पिशव्या लागल्यात म्हणे,” असं कळलं. पुढच्या रविवारी मी काकूंच्या गॅलरीत जाऊन बसले.

आधी आला तो वास. पिशव्या धुऊन, चिमटे लावून वाळत घातलेल्या, तरी त्यांना नासलेल्या दुधाचा आंबूस वास. काकूंना तो येतच नाही. “येतो? मग पुन्हा सोड्यात घालते,” म्हणाल्या आणि विणत राहिल्या.

पिशवीची दोन्ही टोकं कापायची, राहिलेल्या नळीची बोटभर रुंद पट्टी गोल गोल कापत जायची, पट्ट्या एकमेकींत अडकवून गुंडा करायचा. खरी परीक्षा सुईवर होते. सुती दोरा सुईवरून सरसर येतो, प्लास्टिक अडून बसतं. बोटांना घाम आला की जास्तच, म्हणून शेजारी पावडरचा डबा. प्रत्येक मुक्या खांबाला, म्हणजे क्रोशाच्या टाक्याला, बारीक ‘चुर्र’ असा आवाज. मी दहा टाके घातले आणि अंगठा लाल झाला. काकूंच्या तर्जनीवर घट्टा आहे.

“दोनशे,” त्या पुन्हा म्हणाल्या. “आमच्याकडे रोज अर्ध्या लिटरच्या दोन. म्हणजे शंभर दिवसांचा चहा तुम्ही पायाखाली घालता.”

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली. त्यातून दुधाच्या पिशव्या वगळल्या. मात्र पिशवी किमान 50 मायक्रॉन जाडीची हवी आणि ती परत घेण्याची किंमत, निदान 50 पैसे, तिच्यावर छापलेली हवी, अशी अट होती. त्या हिशेबाने काकूंच्या पायपुसण्यात शंभर रुपये विणलेत. “ते पन्नास पैसे मला आजवर कुणी दिलेले नाहीत,” काकू म्हणाल्या, पण तक्रारीच्या सुरात नाही.

मी पर्यावरणाचं कौतुक करायच्या तयारीनेच गेले होते. हिशेब मांडला आणि जीभ चावली. इमारतीत चाळीस घरं, घरटी दोन पिशव्या धरल्या तर दिवसाला ऐंशी. एका पायपुसण्याला काकूंना बारा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत इमारतीत साडेनऊशेच्या वर पिशव्या जमतात. शिवाय दुधाची पिशवी भंगारवाला वजनावर घेतो, ती पुन्हा वितळवता येते. भाजीवाल्याच्या पातळ पिशव्यांना मात्र कुणी विचारत नाही, आणि त्यांची पट्टी सुईवर तटकन तुटते. म्हणजे ज्या कचऱ्याला गिऱ्हाईक आहे तोच काकू उचलतात. पिशवी फोडताना कापून टाकलेला कोपरा तर विणण्यातही येत नाही आणि भंगारातही जात नाही. म्हणून त्या शेजारणींना सांगत असतात, चीर द्या, कोपरा लटकता राहू द्या. माझ्या मते पायपुसण्यापेक्षा हेच त्यांचं मोठं काम. पण त्याचं प्रदर्शन भरत नाही.

हे सगळं मी जरा आडवळणानं बोलून दाखवलं. काकू हसल्या. “कचरा कमी करायला कोण बसलंय? माझी आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. आता लुगडी नाहीत, गोधडी शिवायला डोळे नाहीत. हात मात्र आहेत.”

पिशव्यांचीच विणलेली एक चटई त्यांनी गच्चीवर कुंड्यांखाली अंथरली होती. दोन उन्हाळ्यांनंतर उचलायला गेल्या, तर पापड मोडावा तसा तिचा चुरा झाला. तेव्हापासून उन्हात काही ठेवत नाहीत. तो चुरा झाडताना जीव खाली-वर झाला म्हणतात, कारण तो मातीत मिसळून हाती लागेना.

निघायच्या वेळी त्यांनी विणत असलेलं पायपुसणं जमिनीवर टाकलं. कडा वर आल्या होत्या. वाढीचे खांब कमी पडले की गोलाची वाटी होते. काकूंनी सुई काढून पट्टी ओढली. चुर्र चुर्र करत दोन फेऱ्या, तीन, चार उसवल्या. पट्टी गुरगुटून मांडीवर पडली.

“अहो, दोनशेतल्या निम्म्या गेल्या की!”

“गेल्या कुठे?” बोटांना पावडर लावत काकू म्हणाल्या. “या काय, इथेच आहेत.”