ओसरीवरचा सोबती आणि गोचिडींचा बंदोबस्त

मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांत आजी-आजोबांच्या सोबतीला ओसरीवर बहुधा एखादा कुत्रा किंवा मांजर असते. पावसाळा लागला की कुत्र्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी दिसू लागतात. मग हाताशी असलेला उपाय आठवतो, कपाशीवर फवारायचे औषध पाण्यात कालवून अंगाला लावण्याचा. हे कदापि करू नये.

2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेकांचे प्राण गेले. ही औषधे त्वचेतूनही शरीरात शिरतात. कुत्रा अंग चाटतो तेव्हा विष त्याच्या पोटात जाते आणि त्याला कुरवाळणाऱ्या हातांनाही लागते. गुरांचे गोचीडनाशकही अंदाजाने वापरू नये. मांजराबाबत अधिकच सावध राहावे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतील पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकते.

पशुवैद्यकांना दाखवून, वय व वजन पाहून दिलेले औषधच वापरावे. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटींत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्याने धुवावे, भेगा बुजवाव्यात. गोचीड काढताना हातमोजे घालून ती चिमट्याने त्वचेलगत धरावी व सरळ वर ओढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल लावू नये. कुत्र्याला ताप आला, तो खाईनासा झाला, हिरड्या फिकट पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पोटातील जंतही दुर्लक्षू नयेत. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून आणि मोठ्या कुत्र्या-मांजरांना साधारणपणे दर तीन महिन्यांनी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. बोकडाचे कच्चे काळीज वा फुप्फुस कुत्र्याला घालू नये. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होऊ शकतात. मांजराची विष्ठा रोजच्या रोज उचलावी. मात्र कर्करोगाचे किंवा स्टेरॉइडचे उपचार घेणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यांवर सोपवावे. जनावराला हाताळल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

घरातील वृद्धांना ताप आला, तर घरात कुत्रे-मांजर आहे आणि अंगावर गोचीड आढळली होती का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सोबत्याला दूर लोटण्याची गरज नाही. त्याचे औषधही आपल्या औषधांइतक्याच नेमाने द्यावे.