काळ्या मातीतले अंगण आणि जमिनीखालचा निचरा
लेखमाला : पाऊस आणि घर | लेखांक ५

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरली. सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकात एसटी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. नदीच दारात आली, तर अंगणात पुरलेल्या पाइपाचे तिच्यापुढे काही चालत नाही. पण नदीपासून लांब असलेल्या कितीतरी लेआउटांतही दर पावसाळ्यात कंपाउंडमध्ये घोटाभर पाणी साचते आणि दोन-दोन दिवस हलत नाही. ते पाणी नदीचे नसते. बहुतेक वेळा ते आपल्याच गच्चीचे आणि आपल्याच अंगणाचे असते, आणि त्याचा बंदोबस्त घरमालकाच्या हातात असतो.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १४,००० लिटर. गच्चीवर ठेवतात तशा हजार लिटरच्या चौदा टाक्या.

पूर्वी यातले बरेचसे पाणी मातीच्या अंगणात मुरे, उरलेले उताराने रस्त्याकडे जाई. आता अंगणात कोबा किंवा फरशी असते, आणि समोरचा नवा सिमेंट रस्ता अनेक ठिकाणी फाटकाच्या उंबऱ्यापेक्षा वर आलेला असतो. म्हणजे मुरण्याची वाट बंद, वाहण्याचीही बंद. मग उरते ती जमिनीखालची वाट.

या वाटेचे तीन टप्पे असतात. पहिला, पाणी गोळा करणारी चर. फाटकाच्या आतून किंवा भिंतीला समांतर चर खणायची, तिला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्यायचा, आत जिओटेक्सटाइल कापड अंथरायचे, त्यावर गिट्टीचा थर, मग छिद्रांचा पीव्हीसी पाइप आणि वर पुन्हा गिट्टी. शेवटी कापडाची टोके वरून दुमडून घ्यायची. छिद्रे खाली ठेवावीत. पाणी गिट्टीत तळापासून चढते आणि पाइपात शिरते. कापड नुसते पाइपाला गुंडाळण्यापेक्षा संपूर्ण गिट्टीभोवती असलेले बरे, नाहीतर काळ्या मातीचा गाळ दोन-तीन पावसाळ्यांत गिट्टीतल्या फटी बुजवतो. अमेरिकेतील न्यायाधीश आणि शेतीचे अभ्यासक हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहून ही रीत सर्वदूर नेली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात उसाच्या पाण्याने खारावलेल्या काळ्या जमिनी सुधारण्यासाठी हाच मार्ग वापरला जातो. शेतात छिद्रांचे पाइप पुरून खारे पाणी नाल्याकडे काढून देतात. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने या प्रश्नावर काम केले आहे.

दुसरा टप्पा गाळाच्या चेंबरचा. पाला, रेती, गच्चीवरून आलेली धूळ इथेच अडली पाहिजे. चेंबरचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपापेक्षा फूटभर खोल ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी पुढे जाते. झाकण मात्र सहज उचलता येईल असेच हवे. वर फरशी बसवून टाकली तर ते चेंबर पुन्हा कोणी उघडत नाही.

तिसरा टप्पा शोषखड्ड्याचा, आणि नागपुरात बहुतेकांचे पैसे इथेच पाण्यात जातात.

दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल खड्डा आठ घनमीटरचा. तो दगड-गिट्टीने भरला की पाण्यासाठी साधारण ३५ ते ४० टक्केच पोकळी उरते, म्हणजे जेमतेम तीन हजार लिटर. प्लास्टिकचे पोकळ ठोकळे रचले तर त्याच खड्ड्यात सात हजारांहून जास्त लिटर मावतात. पण मावणे वेगळे आणि मुरणे वेगळे. भारी काळी माती एकदा भिजून फुगली की तिच्यातून पाणी तासाला एक ते पाच मिलिमीटर एवढेच झिरपते. तासाला दोन मिलिमीटर धरले तर तळातून दिवसभरात पाच सेंटिमीटरही पाणी उतरत नाही. काळ्या मातीतच संपणारा खड्डा पहिल्या झडीला भरतो आणि दुसरी झड येते तेव्हाही भरलेलाच असतो.

म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो. शहराच्या पश्चिम भागाखाली बसाल्ट आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. तिथे काळ्या मातीखाली झिजलेल्या खडकाचा मुरूम लागतो, आणि तो पाणी पितो. पूर्वेकडे नीससारखे जुने खडक आहेत आणि मातीचे थर जागोजागी बदलतात. शेजाऱ्याला आठ फुटांवर मुरूम लागला, म्हणून आपल्यालाही लागेलच असे नाही. शेजारी विहीर किंवा बोअर खणली गेली असेल तर कुठल्या फुटाला काय लागले, हे खणणाऱ्याला आधी विचारावे.

त्यानंतर चाचणी. ठरलेल्या जागी हातभर रुंदीचा खड्डा खणून आदल्या दिवशी तो पाण्याने भरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरते ते पट्टीने मोजायचे. हे काम मे महिन्यात केले तर हमखास फसगत होते. तेव्हा काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, बादल्याच्या बादल्या त्यांत गडप होतात आणि मालक खूश होतो. मृगाच्या सरींनंतर त्याच भेगा मिटतात. खरा आकडा जुलै-ऑगस्टच्या ओल्या जमिनीतच मिळतो.

जागा निवडतानाही भान हवे. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते. पायाजवळ सतत ओल राहिली तर भिंतींना तडे जातात. शोषखड्डा पायापासून किमान तीन मीटर लांब असावा, पिण्याच्या विहिरीपासून त्याहून बराच लांब. आणि अंगणाचे पाणी गडरलाइनच्या चेंबरमध्ये सोडायचा मोह टाळावा. मुसळधार पावसात ती लाइन तुंबते आणि सांडपाणी उलटे घरात येते.

राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक केले आहे. लेआउटांतले बरेच प्लॉट याहून लहान असल्याने तिथे सगळे मालकाच्या मर्जीवर राहते.

मुरूम फार खोल असेल, तर मुरवण्याचा नाद सोडून साठवण्याकडे वळावे. खड्डा पक्का बांधून टाकी करायची आणि पाऊस ओसरला की पाणी बागेला किंवा महापालिकेच्या पावसाळी नालीकडे हळूहळू सोडायचे. रस्ता घरापेक्षा उंच असेल तर हे पाणी आपोआप बाहेर जाणार नाही; पंप लागेल, आणि वीज नेमकी पावसातच जाते. त्या पंपाची क्षमता, फ्लोट स्विच आणि इन्व्हर्टरची जोडणी पुढच्या लेखांकात पाहू.