हापूसचे बागायतदार आणि समाजमाध्यमे : काही गैरसमज

समाजमाध्यमे ही मोठ्या कंपन्यांनी जाहिरात करण्याची जागा असून छोट्या उत्पादकाला तिचा फारसा उपयोग नाही, हा समज कोकणातील आंबा बागायतदारांमध्येही आढळतो. वस्तुस्थिती अशी की, ज्या मालाचा अस्सलपणा ग्राहकाला नुसत्या नजरेने ओळखता येत नाही, त्याच्या विक्रेत्याला या माध्यमांची गरज सर्वांत जास्त असते, आणि हापूस हा असाच माल आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील उत्पादनालाच ते नाव वापरता यावे यासाठीचे कायदेशीर संरक्षण, मिळाले. तरीही अन्य राज्यांतील आंबा हापूस म्हणून खपवला जातो आणि पेटीवरील छापील नावावरून पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला तो फरक कळत नाही. हिवाळ्यात झाडांवर आलेला मोहोर, देठासह फळ उतरवणारा झेला आणि पेंढ्याच्या आढीत लावलेले आंबे हे सारे त्याला हंगामभर पाहायला मिळाले, तर माल कोठला आणि कसा पिकवला हे खरेदीपूर्वीच समजते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी असूनही ग्राहकाच्या मनात तीच धास्ती असते, म्हणून आढीचे साधे चित्रणही प्रामाणिक बागायतदाराच्या बाजूने मोठी साक्ष देते. दलालामार्फत वाशीच्या बाजारात गेलेल्या पेटीला ही संधी क्वचितच मिळते, कारण तेथे पिकवणारा आणि खाणारा यांची गाठच पडत नाही.

खात्याला जितके अनुयायी अधिक तितकी विक्री अधिक, हा दुसरा गैरसमज. कोणती नोंद कोणाला दाखवायची हे अल्गोरिदम, म्हणजे त्या कंपनीची संगणकीय निवडपद्धती, ठरवत असल्यामुळे प्रत्येक नोंद सर्व अनुयायांपर्यंत पोहोचत नाही. शिवाय बागेचे उत्पादन मर्यादित असते, त्यामुळे दरवर्षी मागणी नोंदवणारी काहीशे कुटुंबे ही हजारो अनोळखी अनुयायांपेक्षा अधिक मोलाची ठरतात.

तक्रारी चारचौघांत येतील या भीतीने अनेक जण खाते उघडतच नाहीत. हापूसच्या गरात कधीकधी साका, म्हणजे पांढुरका, स्पंजासारखा व आंबट भाग, आढळतो. तो बाहेरून ओळखता येत नसल्याने निगुतीने माल निवडणाऱ्यालाही तक्रार चुकत नाही. ती पुसून टाकल्यास संशय वाढतो. उलट साक्याचे कारण समजावून फळ बदलून दिल्यास तो व्यवहार इतर ग्राहकही पाहतात.

हे सारे फुकटात होते, हेही खरे नाही. व्हॉट्सॲप बिझनेससारखे साधन विनामूल्य असले, तरी ऐन तोडणीच्या दिवसांत प्रत्येक चौकशीला उत्तर देणारा माणूस लागतो आणि त्याची मजुरी हिशेबात धरावीच लागते.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे हे खाते आपल्या मालकीचे आहे, असे मानणे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्यावर जमवलेला प्रेक्षक विक्रेत्यांच्या हातून एका फटक्यात गेला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे काही तास एकाच वेळी बंद पडली. म्हणून ग्राहकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक, पत्ता आणि त्याने गेल्या हंगामात किती डझन आंबे घेतले याची नोंद, त्याच्या संमतीने, बागायतदाराच्या स्वतःच्या वहीत असली पाहिजे, म्हणजे माध्यम कोणतेही असले तरी पहिल्या तोडणीआधी मागणी नोंदवून घेता येते.