सेदेरची पंगत

चारपाच कुटुंबांनी मिळून पेसाहचा, म्हणजे वल्हांडणाचा, सेदेर करावयाचे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो स्वयंपाकाचा. माणसे किती, भात किती लागेल, मटण कोणी करायचे? मला विचाराल तर आधी हे पाहा, की पंगतीतले सर्वांत धाकटे मूल किती वाजेपर्यंत जागे राहील?

कारण ही रात्रच मुळी त्याच्यासाठी आहे. मिसरच्या गुलामगिरीतून पूर्वज सुटले, ती हकीगत निसान महिन्याच्या पंधराव्या रात्री यहुदी घरोघर सांगतात. पण ती कोणी आपण होऊन सांगत नाही. धाकट्याने विचारायचे, की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? पुढे वाचले जाते ते त्याचे उत्तर. आता विचारणाराच झोपला तर उत्तर द्यायचे कोणाला?

आमच्याकडे एके वर्षी अगदी असेच झाले. एप्रिलात आपल्या मुंबईला सूर्य मावळतो सातच्या सुमारास. त्यानंतर अंधार पडल्यावर सेदेर सुरू व्हायचा. मंडळी जमता जमता नऊ वाजले. पोरे आजीच्या मांडीवर आडवी झालेली! प्रश्न विचारला तो पंचावन्न वर्षांच्या काकांनी. सगळे हसले खरे, पण आजी काही हसली नाही.

तेव्हापासून आम्ही मुलांना दुपारी सक्तीने निजवतो आणि संध्याकाळी पाचला थोडा वरणभात देतो. (आम्हां बेने इस्रायलांना या सणात भात चालतो, युरोपातल्या पुष्कळ यहुद्यांना चालत नाही.) ही काळजी काही नवी नव्हे हो. मुलांनी जागे राहावे म्हणून रब्बी अकीवा त्यांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटत, असे तालमूदात आहे.

मुलांना कामही द्या. बिनखमिराची भाकर आदल्या दिवसांत घरी करणार असाल, तर घड्याळ त्यांच्या हाती सोपवा. पीठ आणि पाणी एकत्र आल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून निघाली पाहिजे, नाहीतर पीठ आंबले असे धरतात. मग पाहा, लाटणारीवर कशी देखरेख होते ती! प्याले चार घ्यायचे असतात. त्यासाठी काळ्या मनुका भिजवून, वाटून, गाळून सरबत करा. ते आजोबांनाही सोसते आणि नातवालाही. खजुराचा दाट पाक मात्र मुलांपासून जरा दूर ठेवा. तो गुलामांच्या हातच्या चिखलमातीची आठवण म्हणून असतो, पण बोटे काही थांबत नाहीत.

वृद्धांची सोय निराळी. आमच्या रिवाजात सणाच्या रात्री ध्वनिक्षेपक लावीत नाहीत. (नभोवाणीच्या पुस्तिकेत हे लिहावे, ही गंमतच!) म्हणून ज्यांना कमी ऐकू येते त्यांना वाचणाऱ्याच्या शेजारी बसवा. पाठीला उशी द्या. टेकून बसणे हा त्या रात्री आळस नव्हे, स्वतंत्र माणसाची ती खूण आहे.

आणि वाचायचे कोणत्या भाषेत? हिब्रू हवेच. पण मराठी अर्थासह हगादा मुंबईत १८४६ साली छापला गेला, पुण्यात १८७४ साली. पुण्याच्या प्रतीत तर साडी नेसलेल्या बायका भाकरी करताना चित्रात दाखविल्या आहेत. १९४८ नंतर आमची बहुतेक माणसे इस्रायलला गेली. इथे उरलेल्यांची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. म्हणून मराठीचा भाग आजीआजोबांनी वाचावा, आणि अडलेला शब्द मुलांनी तिथल्या तिथे विचारावा. वाचन लांबेल. लांबू द्या, हवे तर मधले भाषण गाळा.

जेवणानंतर संदेष्टा एलियाहूसाठी दार उघडतात. ते काम राखून ठेवा. एखादे पोर तोवर पेंगलेच असेल, तर त्याला हलवून उठवा आणि दारापाशी न्या.