मदत फक्त हुशार मुलांनाच करावी का?



आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी देणगी देताना आपल्यापैकी काही जण विचारतात, "सर्वांना थोडे थोडे वाटण्यापेक्षा निवडक हुशार मुलांनाच भरपूर मदत का करू नये?" प्रश्न प्रामाणिक आहे. उत्रोलीच्या आसपासच्या, भोर-वेल्ह्यातील कातकरी वाड्या डोळ्यांपुढे ठेवून त्याचे उत्तर शोधू या.

आपल्या देशात शाळेची दारे दोन प्रकारची आहेत. पहिले दार हक्काचे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळाले पाहिजे. शाळा सुटलेले मूल परत आले, तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यावे लागते आणि मागे राहिलेला अभ्यास भरून द्यावा लागतो.

दुसरे दार निवडीचे. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश परीक्षेवर मिळतो. पुणे जिल्ह्याचे विद्यालय शिक्रापूरला आहे. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि अनुसूचित जमातींसाठी वेगळे आरक्षणही आहे. योजना चांगलीच आहे.

पण आता वाडीवरून पाहा. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. प्रवेश परीक्षा मात्र हिवाळ्यात असते. शिवाय ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण शाळेत काढलेली असावी लागतात. म्हणजे पहिला प्रश्न हातात पडण्याआधीच हे मूल बाहेर! जे परीक्षेला बसते, त्याची घरची बोली कातकरी आणि प्रश्नपत्रिका पुस्तकी मराठीत. त्याला कमी गुण पडले, तर आपण त्याची बुद्धी मोजली की आईबापांचे स्थलांतर?

हा वाद जुना आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले होते की, रयतेच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती.

याचा अर्थ गुणवत्ता नको असा नाही. उद्या आपल्याला सुई टोचणाऱ्या नर्सताईला तिचे काम आलेच पाहिजे. पण गुणवत्तेची मोजणी शेवटी करायची असते. पाया भरण्याआधी ती केली, तर आपण फक्त कोणाला आधी संधी मिळाली एवढेच मोजतो.

म्हणून मदतीसाठी मुले निवडताना गुणपत्रिकेबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : कुटुंब किती महिने बाहेर असते? त्या काळात मूल कोठे शिकते? परतल्यावर त्याला कोण शिकवते? दिवाळीनंतर मूल वाडीतच आजीजवळ किंवा वसतिगृहात राहू शकले, तर पुढच्या परीक्षेला ते निदान बसू तरी शकेल.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील शेवटचे कामकरी आठवा. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर बोलावलेच नव्हते. धन्याने त्यांना आधी मळ्यात घेतले. आपणही तेच करू या.