खाटेच्या आधी आणि खाटेनंतर

‘मुक्तांगण’ ठाऊक असलेल्या वाचकाला निवासी व्यसनमुक्ती म्हणजे काय, हे सांगायला नको. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्स्ट नेशन्स मूलनिवासींसाठी अशी केंद्रं आहेत. त्यांचा खर्च कोण करतं, हे मात्र जरा सावकाश समजून घ्यावं लागतं.

दूरच्या वस्तीतल्या एखाद्या तरुणाला फेंटानिल सोडायचंय असं धरू. तो वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्याकडे जातो, अर्ज भरतो, तपासण्या करून घेतो. आधी अंगातलं विष उतरवायला हवं, म्हणून शहरातल्या डिटॉक्समध्ये काही दिवस. त्यानंतर केंद्रात साधारण दीड महिना. कागदावर हे सरळ दिसतं. पण डिटॉक्समधून सुटी मिळाली त्या दिवशी केंद्रात खाट रिकामी असेलच असं नाही. मग तो घरी परततो, जुन्याच सोबत्यांत. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वी पचायचा तेवढाच डोस आता जीव घेऊ शकतो.

हा खड्डा मुळात हिशेबाच्या वहीत आहे. इस्पितळं आणि डिटॉक्स प्रांताच्या पैशावर चालतात. मूलनिवासींच्या व्यसनमुक्ती केंद्रांचा खर्च परंपरेने ओटावाचं केंद्र सरकार करतं. सत्तरच्या दशकात सुरू झालेला हा कार्यक्रम 1982 मध्ये कायम झाला. दोन तिजोऱ्या, दोन कारकून, आणि मधल्या दिवसांची जबाबदारी कुणाचीच नाही. 2013 मध्ये केंद्र सरकारकडची आरोग्यसेवा फर्स्ट नेशन्स हेल्थ अथॉरिटीकडे, म्हणजे मूलनिवासींच्याच संस्थेकडे आली. त्यानंतर प्रांताला समोर बसवून बोलणं तरी शक्य झालं. दोघांनी मिळून 4 कोटी डॉलर काढले: सहा जुन्या केंद्रांची नवी उभारणी आणि दोन नवी केंद्रं.

इमारतीला पैसा मिळतो, कारण तिची फीत कापता येते. पगाराचं तसं नसतं. समुपदेशकाला प्रांताच्या इस्पितळात जास्त पगार मिळत असेल, तर तो आडगावच्या केंद्रात किती दिवस टिकणार? शिवाय केंद्राच्या खर्चात काही बाबी अशा असतात की शहरी हिशेबनिसाला त्या कळतच नाहीत. स्वेट लॉजचंच घ्या. वाकवलेल्या फांद्यांचा बुटका घुमट, वरून जाड कांबळी, आत मिट्ट काळोख आणि मधल्या खळग्यात तापवून लाल केलेले दगड. त्यांवर पाणी पडलं की वाफ कोंडते आणि प्रार्थना सुरू होते. यासाठी लाकूडफाटा लागतो, आग सांभाळणारा माणूस लागतो, विधी चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांचं मानधन लागतं. हे ‘मनोरंजना’च्या खात्यात टाकलं, तर उपचाराचा गाभाच गेला म्हणायचा. कारण इथलं व्यसन मूलनिवासी मुलांची भाषा आणि विधी तोडणाऱ्या निवासी शाळांच्या जखमेतून आलेलं आहे. सुमारे दीड लाख मुलं घरातून उचलून त्या शाळांत घातली गेली, आणि शेवटची शाळा नव्वदच्या दशकात बंद झाली. अल्बर्टात एडमंटनजवळचं पाउंडमेकर्स लॉज हे केंद्र तर अशाच एका शाळेच्या जागेवर उभं आहे. पोर्ट अल्बर्नीचं काकामिन हे केंद्र अख्ख्या कुटुंबाला दाखल करून घेतं, पोरंटोरं धरून. असं दाखल करून घेणं खर्चिक असतं, पण आई मुलांना कुणाकडे सोपवायचं या धास्तीने दाराशीच अडत नाही.

मुदतबंद पैशाचं काय होतं, हे अबोरिजिनल हीलिंग फाउंडेशनने दाखवलंय. 1998 मध्ये 35 कोटी डॉलरच्या निधीवर उभी राहिलेली ही संस्था गावोगावच्या उपक्रमांना पैसे देत होती. 2014 मध्ये तिला टाळं लागलं. दर वर्षी नवा प्रस्ताव लिहिणाऱ्या केंद्राला पुढच्या वर्षीचा माणूस आज नेमता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. म्हणून 2023 चा करार मला नव्या इमारतींपेक्षा मोठा वाटतो: हेल्थ अथॉरिटीला दहा वर्षांसाठी 820 कोटी डॉलर. अर्थात हा पैसा सगळ्याच आरोग्यसेवेसाठी आहे, व्यसनमुक्तीच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो. त्या तुकड्यातून आधी काय घ्यायचं असं मला विचारलं, तर नव्या खाटा मी मागे ठेवीन. डिटॉक्स आणि केंद्र यांच्यामधल्या दिवसांसाठी एक निवारा, आणि दीड महिन्यानंतर वस्तीत परतल्यावर राहायला नशामुक्त घर, या दोन गोष्टी आधी.