छंद द्राक्षाचा, जोड लेखणीची

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे फिलिप वॅग्नर (१९०४–१९९६) नावाचे एक वृत्तपत्र-संपादक होते. घरी द्राक्षाची वाइन करण्याचा त्यांना नाद. त्यावर १९३३ साली त्यांनी पुस्तकही लिहिले. पुढे घराजवळच वेली लावल्या.

अडचण जातीची होती. युरोपातील नामांकित जाती तिकडच्या थंडीत आणि केवडा-भुरीपुढे टिकत नसत. अमेरिकेच्या मूळच्या जाती काटक, पण त्यांच्या वाइनला उग्र वास. वॅग्नर यांनी या दोहोंच्या संकरातून फ्रान्समध्ये निघालेल्या जाती मागवून लावून पाहिल्या. त्या तगल्या. १९४५ साली पत्नी जोसेलिन यांच्यासह त्यांनी ‘बूर्डी’ हा वाइनचा कारखाना काढला. त्याच वर्षी द्राक्षलागवडीवर पुस्तक लिहिले. रोपवाटिकेतून इतरांना रोपे दिली, त्यामुळे त्या जाती दूरवर पसरल्या.

बागायतदार बंधूंनी यातून एवढेच घ्यावे: नावाला भुलून जात निवडू नये. आधी चार वेली लावून पाहाव्यात. छाटणी, फवारणी, रोग, उतारा यांची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. लिहिलेला अनुभव शेजाऱ्याच्याही कामी येतो.